मेतकूट

परवा दुपारी जिना चढत होते, तर खालच्या बिऱ्हाडातून मेतकुटाचं सामान भाजल्याचा वास आला. उडदाची डाळ लाल होऊ लागली की येतो तो, आणि त्यावर मेथीचा कडवट. "दळून झालं की वाटीभर पाठवते हं," शेजारीण दारातून म्हणाली. मला ते चालत नाही, हे तिला सांगणं फार जड गेलं.

मेतकुटात गहू असतो. डाळींच्या मानानं थोडा, पण असतो. सिलियाकचं निदान झालं तेव्हा पोळी, पाव, रवा, शेवया एका दमात सुटल्या, ते मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. मेतकूट सुटल्याचं मात्र अजून लागतं.

कारण आजी. ताप उतरला की ती गुरगुट्या भात करायची, त्यावर तूप, मीठ आणि पितळी डब्यातलं मेतकूट. लोखंडी कढईत एकेक जिन्नस वेगळा भाजायची. गहू तडतडेपर्यंत तिचा हात थांबत नसे. मग जात्यावर दळण, मग वस्त्रगाळ. भात बोटांनी मऊ कालवून पहिला घास भरवताना म्हणायची, "खा गं बाई, अंगी लागू दे."

अंगी काही लागत नव्हतं. मी किडकिडीतच राहिले, पोट सारखं बिघडे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसे. चाळिशीत डॉक्टरांनी समजावलं: गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, लहान आतड्याच्या आतली बारीक लव झिजून सपाट होते आणि खाल्लेलं रक्तात उतरत नाही. यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करायचं, एवढाच उपाय.

मग खायचं काय? महाराष्ट्रात त्याची चिंता नको. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आहे, भात, पोहे, डाळी, बेसन आहे. उपासाचं ताट तर जवळजवळ आमच्यासाठीच वाढलेलं: वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. गोम आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गव्हात. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे साधी आमटीसुद्धा विचारून खावी लागते. सातूच्या पिठात गहू, थालिपिठाच्या भाजणीत पुष्कळदा गहू. खपली गहू पचायला हलका म्हणून लोक सुचवतात, पण ग्लूटेन त्यातही आहेच. आणि गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी! जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ त्या ज्वारीत उतरतंच. म्हणून मी घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा पडू देत नाही. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर आपल्याकडच्या नियमानं किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, इतकं हे बारीक काम आहे. पंगतीत "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून आग्रह करणाऱ्यांवरचा माझा राग वयाबरोबर कमी झालेला नाही. एवढ्याशानंच होतं.

गव्हाचा हा दोष जगालाही उशिराच कळला. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930च्या दशकातच संशय आला होता. 1944-45च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या त्या मुलखात अन्नाचा भीषण तुटवडा पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पाव मिळेनासा झाला आणि हेगमधल्या त्यांच्या रुग्णालयातली सिलियाकची मुलं त्या उपासमारीतही सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा खालावली. 1950 साली डिकेंनी गव्हाचा हा संबंध आपल्या प्रबंधात मांडला.

हे वाचलं तेव्हापासून आजीचा थोरला मुलगा मनातून जात नाही. माझ्या वडिलांच्या आधीचा, त्याच चाळीसच्या दशकातला. अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत. वरचं अन्न सुरू झालं आणि वाळत गेला. हातपाय काड्या, पोट तेवढं फुगलेलं. दृष्टी काढून झाल्या, वैद्य झाले. ताकद यावी म्हणून आजी त्याला गव्हाचं सत्त्व शिजवून भरवत होती. दोन वर्षांचाही झाला नाही तो. हा आजार घराण्यात उतरतो. त्याला हेच होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण आपल्या हातून काहीतरी कमी पडलं, असं आजी अखेरपर्यंत म्हणत राहिली. तिच्या हातून काही कमी पडलं नव्हतं. तेव्हा हेगच्या डॉक्टरांनाही पुरता उलगडा झालेला नव्हता.

आज मात्र कळण्याची सोय आहे. घरातलं मूल वाढत नसेल, पोट वरचेवर बिघडत असेल, लोहाच्या गोळ्यांनीही कुणाचं रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना टीटीजीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. घरात एकाला सिलियाक निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्या. आणि तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच सोडला, तर आजार असूनही तपासणीत सापडत नाही.