वजूखान्याची पाइपलाइन

गेल्या वर्षी रमजानच्या तीन-चार महिने आधी आमच्या देवळ्यातल्या मोहल्ल्याने वजूखान्याची जुनी लाइन बदलायचे ठरवले. जी.आय.चे पाइप आतून इतके गंजले होते की फजरला पहिला नळ सोडला की लालसर पाणी यायचे. कांद्याला भाव नव्हता, तरी चंदा जमला. एकदाच खर्च करू, पण स्टेनलेस स्टीलच टाकू, म्हणजे पुढच्या पिढीला बघायला नको, असे सगळ्यांचे मत पडले. त्यात आम्हीही होतो.

काम मोहल्ल्यातल्याच एका पोराला दिले. बाप लहानपणी वारलेला, शाळेत आमच्या हाताखालून गेलेला, वेल्डिंग शिकून नाशिकला सातपूरच्या कारखान्यांत काही वर्षे राबून आलेला. त्याने साठ मीटर लाइन जोडली आणि आम्हा सगळ्यांना उभे करून हायड्रो मारला. म्हणजे लाइनच्या सगळ्यात वरच्या टोकातून हवा काढून टाकायची, पाणी गच्च भरायचे आणि टेस्टिंगच्या हातपंपाने दाब चढवायचा. रोजच्या वापराचा दाब चार किलो धरला, तर तपासणी त्याच्या दीडपट, सहा किलोवर. हवेने का नाही, असे कुणी तरी विचारले. दाबलेली हवा फुटली तर बॉम्बसारखी उडते, पाणी दबतच नाही, म्हणून नुसते गळते, असे त्याने सांगितले. रात्रभर गेजचा काटा हलला नाही. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही पेढे वाटले.

पाणी मशिदीच्या बोअरचे होते. ते लाइनीतच राहिले, कारण वरच्या टाकीचे काम अडले. आज स्लॅब, उद्या स्लॅब करता करता अडीच महिने गेले. मध्येच एकदा नळ सोडून पाहिला तर वास आला. तेव्हा बादलीभर पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवून लाइनीत ओतली. मापबिप काही नाही. ओतणारे हात आमचेच होते, हे इथेच लिहून ठेवतो.

टाकी जोडली आणि आठ दिवसांत वेल्डिंगच्या कडेला घामासारखे थेंब दिसू लागले. प्रत्येक थेंबाभोवती तपकिरी कडे. चार ठिकाणी, मग सात ठिकाणी.

मग जे व्हायचे ते झाले. ‘माल डुप्लिकेट आहे’ असे आधी कुजबुजीत आणि मग उघड सुरू झाले. आमच्या घरातून लोहचुंबक नेले गेले. पाइपला ते चिकटेना, पण वेल्डिंगवर हलकेसे ओढले गेले. झाला पुरावा! पोराच्या मजुरीचा शेवटचा हप्ता रोखला. तो काही बोलला नाही. त्याची आई आमच्याकडे येणे बंद झाली. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहायचा हुकूम आहे आणि आमच्यापैकी कित्येकांनी तो मुलांना शिकवलेला आहे. त्या महिन्यात तो कुणालाच आठवला नाही.

ईदला आमचा भाचा जुबैलहून सुट्टीवर आला. तो तिकडे पाइपिंगच्याच कामात आहे. आम्ही त्याला थेंब दाखवले, चुंबकाची गोष्ट सांगितली. त्याने स्टीलबद्दल विचारलेच नाही. म्हणाला, “मामू, हायड्रो कुठल्या पाण्याने मारला? आणि पाणी आत किती दिवस होतं?”

महिनाभर आम्ही सगळे स्टीलची चौकशी करत होतो. पाण्याची कुणी केली नव्हती.

त्याने गळणारा एक तुकडा कापून उभा चिरला. बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र, आत तपकिरी बुळबुळीत ढेकूळ आणि त्याखाली बाजरीचा दाणा सहज बसेल असा खड्डा. आपल्या भागात डाळिंबाला अळी लागली की बाहेर बारीक भोक दिसते आणि फोडले की आत सडलेले असते, अगदी तसे. चुंबकाचेही त्याने सांगितले. चांगल्या स्टेनलेसच्या वेल्डिंगमध्येही थोडासा चुंबकीय भाग राहतो, तो राहावा अशीच रचना असते. त्यावरून माल खोटा ठरत नाही.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, हा आपला समज. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून डोळ्याला न दिसणारा पापुद्रा धरते. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो, पण त्याला ऑक्सिजन लागतो. पाण्यातले क्लोराइड, म्हणजे मिठातला तो भाग, या पापुद्र्याला ठिकठिकाणी टोचून भोके पाडते. पाणी साचून राहिले की त्यातले जंतू भिंतीवर बुळबुळीत थर धरतात, थराखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि क्लोराइड गोळा होते. वेल्डिंगच्या कडेला तापून निळा-सोनेरी रंग चढलेला असेल तर तिथला पापुद्रा आधीच कमजोर असतो. म्हणून गळती बरोबर तिथेच.

हे फक्त आमच्याच नशिबी आले असेही नाही. १९७६ साली कोब्रिन नावाच्या अमेरिकी अभियंत्याने अशीच उदाहरणे छापली होती. नव्या कोऱ्या स्टेनलेस लाइनी, विहिरीच्या पाण्याने तपासलेल्या, पाणी न काढता ठेवलेल्या आणि काही महिन्यांत वेल्डिंगपाशी गळायला लागलेल्या.

पण आमचे पाणी तर पिण्याचे, असे आम्ही म्हणालो. भाचा हसला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर हजारापर्यंत सूट आहे. स्टेनलेसच्या हायड्रोला कारखान्यांत साधारणपणे पन्नासच्या आतले पाणी मागतात. शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या सरांनी आणि आम्ही बोअरचे पाणी एका परीक्षानळीत आणि डिस्टिल्ड वॉटर दुसरीत घेतले, दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दुसरी नळी स्वच्छ राहिली, बोअरची दुधासारखी पांढरी झाली. मुलांना मजा वाटली. मग कुणी तरी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचे दोन थेंबही टाकून पाहिले. ती नळी आम्ही फार वेळ धरली नाही.

वजूचे पाणी पाक आहे की नाही हे आपण रंग, वास, चवीवरून बघतो. वाहत्या आणि साचलेल्या पाण्यात फरक करायला तर आपण मदरशातच शिकतो. हाच फरक पाइपच्या आतही लागू पडेल, हे मात्र डोक्यात आले नव्हते.

पोराची काहीच चूक नव्हती असे नाही. वेल्डिंग करताना आतून आर्गन गॅस सोडला नव्हता, म्हणून आत रंग चढला. खालच्या टोकाला पाणी काढायचा कॉक ठेवला नव्हता. पण गॅसचे पैसे यादीतून आम्हीच छाटले होते आणि पाणी काढून टाका असे त्याने दोनदा सांगितल्याचे आता दोघा-तिघांना आठवले.

आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो, रोखलेला हप्ता दिला आणि माफी मागितली. आईने चहा ठेवला. पोरगा बराच वेळ खाली बघत होता. मग एवढेच म्हणाला, “सर, चुंबक कुणाचं होतं?” आम्ही सांगितले.

लाइनीचे गळके जोड कापून नव्याने केले, या वेळी आत गॅस सोडून. वेल्डिंगचे डाग पिकलिंग पेस्ट लावून काढले आणि खळखळून धुतले. लोखंडावर चालवलेला ब्रश आणि ग्राइंडरचे चाक स्टेनलेसवर चालवू दिले नाही, कारण त्यातले लोखंडाचे कण रुतून गंजतात. टेस्टिंगचा पंप आणि त्याची नळीही आधी बाहेर धुऊन घेतली. आत गंज असेल तर तोच लाइनीत जातो. आणि पाणी? साठ मीटर एक इंची पाइपात तीस-पस्तीस लिटर मावते. आर.ओ.चे वीस लिटरचे दोन जार आणले, थेंब टाकून तपासले आणि तेवढ्यात काम झाले. सगळा जीव तेवढ्या दोन जारांत होता.

सहा किलोवर काटा तासभर थांबला. भाच्याने घड्याळ पाहिले आणि पोराला खूण केली. त्याने लगेच खालचा कॉक उघडला. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादल्या लावल्या होत्या. मग कॉम्प्रेसरने, त्याच्या तोंडाला तेलाचा फिल्टर लावून, लाइन कोरडी केली. टाकी जोडेपर्यंत दोन्ही टोके झाकून ठेवली.

असरची वेळ होत आली होती. मुअज्जिन चाचांनी त्या बादलीतले पाणी हातावर घेऊन पाहिले, वास घेतला आणि तिथेच बसून वजू केली.