तापीकाठची बेगमी

गेल्या ज्येष्ठात सुरतेस आतेबंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांचे बिऱ्हाड अडाजणला, तापीच्या उजव्या तीरी, तळमजल्यावर. जिन्याच्या नवव्या पायरीशी भिंतीवर तांबडी रेघ ओढलेली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये पाणी तेथवर चढले होते. उकाई धरण येथून सुमारे शंभर किलोमीटर वर. भरत आलेल्या धरणातून लाखो क्युसेक पाणी सोडावे लागले आणि ऐन राखीपौर्णिमेच्या सुमारास शहराचा बहुतेक भाग बुडाला.

"तेव्हा घरात सहा गोणी गहू होता," अण्णा म्हणाले, "आणि प्यायला एक कळशी पाणी!"

गव्हाचे मूळ १९९४ च्या सप्टेंबरात होते. प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. टेट्रासायक्लीन दुकानांतून नाहीसे झाले. (मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले. खरे औषध तेच होते, असे माझे मत.) अण्णांनी दोनशे कॅप्सुला मिळवून ट्रंकेत ठेवल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन तापलेल्या मुलाला कडेवर घेऊन दाराशी आल्या, तेव्हा "संपल्या" असे सांगून ते रात्रीच्या गाडीने निघून गेले. मुलाचा ताप हिवतापाचा निघाला, तो बरा झाला. कॅप्सुला मुदत संपून फेकाव्या लागल्या. अण्णांची धास्ती मात्र गेली नाही. पुढे दरवर्षी ते गोण्या रचीत राहिले.

पुरात त्या गोण्या भिजल्या, फुगल्या, त्यांना कोंब फुटले. वरच्या बेननी सूचना ऐकताच पिंपे, हंडे, बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यांनी दार उघडले आणि पाच दिवस दोन्ही कुटुंबे त्याच पाण्यावर राहिली. ट्रंकेचा विषय त्यांनी काढला नाही. "काढला असता तर बरे झाले असते," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

आता मृग लागला की वहिनी कागदपत्रे मेणकापडात बांधून वर पाठवतात. दोरी, बॅटरी, औषधे एका पिशवीत ठेवतात. अण्णांकडे एक वही आहे. इमारतीत कोणाला इन्सुलिन लागते, कोणाला जिना चढवत नाही, याची त्यात नोंद असते. पहिल्या पानावर बेनचे नाव आहे. त्यांचे गुडघे आता फार दुखतात.

मी निघालो त्या सकाळी आभाळ भरून आले होते. अण्णा वही घेऊन वर गेले होते. निरोप वहिनींनीच दिला.