त्या ‘इंजिनिअर’साठी कोण रडलं?

प्रिय दादा,



तुझं पत्र मिळालं. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ तुला आवडणार याची मला खात्री होती. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, की इशिगामीसारखं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस निदान पुस्तकात तरी भेटला. त्या वाक्यापाशी मी अडले. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. वहिनीची कादंबरी वाचून झाली नसेल, तर हे पत्र तिला इतक्यात देऊ नकोस. मला सगळं उघड करूनच बोलायचं आहे.

रचनेबद्दल आपलं दुमत नाही. केइगो हिगाशिनो मूळचा इंजिनिअर, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करता करता लिहू लागलेला, आणि ते शिक्षण या कादंबरीच्या हाडामांसात दिसतं. खून कुणी केला हे तो सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडवून दाखवतो. यासुको आणि तिची मुलगी मिळून त्या छळणाऱ्या माजी नवऱ्याचा, तोगाशीचा, गळा आवळतात. शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी दार ठोठावतो आणि म्हणतो, पुढचं माझ्यावर सोडा. सगळं माहीत असलेला वाचक तरीही शेवटपर्यंत फसतो, कारण पोलीस ज्या रात्रीचा हिशेब विचारतात ती रात्रच वेगळी असते. २००५ मध्ये आलेल्या या पुस्तकाला जपानचा मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. कोडं म्हणून मला त्यात एक टाकाही उसवलेला सापडला नाही.

पण दादा, ते कोडं उभं कशावर आहे? पहिलं प्रकरण पुन्हा काढ. इशिगामी सकाळी शाळेत निघाला आहे. सुमिदा नदीच्या काठाने, निळ्या प्लास्टिकच्या आडोशांमध्ये राहणाऱ्या बेघर माणसांच्या समोरून तो जातो. एक जण डबे चेपत बसलेला असतो. एक जण नवा आहे. त्याचे केस अजून वाढलेले नाहीत, हातात उद्योगधंद्यांविषयीचं मासिक आहे. म्हणजे आपण परत कामाला लागू अशी आशा त्याने सोडलेली नाही. इशिगामी मनातल्या मनात त्याला ‘इंजिनिअर’ म्हणतो. तोगाशी मेल्यावर दुसऱ्या दिवशी इशिगामी याच माणसाला कामाचं आमिष दाखवून नेतो आणि ठार करतो. त्याचा चेहरा ठेचतो, बोटांचे ठसे जाळतो, आणि ते प्रेत तोगाशीचं म्हणून पोलिसांना सापडेल अशी व्यवस्था करतो. यासुकोजवळ त्या दुसऱ्या रात्रीचा पक्का पुरावा आहे. ती खोटं बोलतच नाही, म्हणून पकडली जात नाही.

या माणसाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तो कुठून आला, त्याची कुणी वाट पाहत होतं का, काही नाही. नोकरीच्या आशेवर जगणाऱ्या माणसाला नोकरीच दाखवून मारलं, यापेक्षा क्रूर गोष्ट त्या पुस्तकात नाही. आणि तू ज्याला निरपेक्ष प्रेम म्हणतोस त्याची किंमत मोजली ती याने. इशिगामीने स्वतःचं आयुष्य दिलं हे खरं. पण त्याच्या आधी त्याने दुसऱ्याचं दिलं.

हिगाशिनोला हे दिसत नव्हतं असं मी म्हणत नाही. त्यानेच तो माणूस पहिल्या पानांवर आणून बसवला, आपल्याला त्याच्याकडे नीट पाहण्याची संधी दिली, आणि आपण इशिगामीसारखेच त्याच्यावरून पुढे गेलो. इतका प्रामाणिक सापळा लावणाऱ्या लेखकाला दाद दिलीच पाहिजे. माझी तक्रार शेवटच्या पानाबद्दल आहे. यासुको कबुली द्यायला येते, इशिगामीचा सगळा बांध फुटतो, तो गुरासारखा ओरडतो, आणि आपले डोळे भरून येतात. लेखकाने ते अश्रू कुणासाठी राखून ठेवले आहेत ते बघ. रडणारा खुनी आहे, रडवणारी त्याची देवता आहे. नदीकाठच्या त्या माणसासाठी तिथे एक ओळ हवी होती. पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडी, कोडं सोडवणाऱ्या युकावाच्या तोंडी, कुणाच्याही.

तू याच कादंबरीवरचा ‘जाने जान’ पाहिलास, पण मला तुलनेसाठी ‘दृश्यम’ जास्त महत्त्वाचा वाटतो. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा, आणि आपल्या निशिकांत कामतने तो २०१५ मध्ये हिंदीत आणून गोव्यात बसवला. हिगाशिनोच्या कादंबरीशी त्याचं साम्य असल्याची चर्चा तेव्हा बरीच झाली. जोसेफने उसनवारीचा आरोप नाकारला आणि त्या वादात मला शिरायचं नाही. मला फरकाशी काम आहे. त्याचा नायक विजय साळगावकरही तारखेशीच खेळतो. पण तो लोकांच्या आठवणींत फेरफार करतो, पणजीचा सत्संग आणि पावभाजी साक्षीदारांच्या मनात पक्की बसवतो. त्यासाठी तो तिसऱ्या माणसाचा बळी देत नाही. आणि त्याच्या घरच्यांच्या हातून जो मुलगा मेला त्याचे आईवडील शेवटपर्यंत पडद्यावर आहेत. मुलगा वाईट होता हे कळूनही त्याचा बाप साळगावकरसमोर येऊन उभा राहतो, तेव्हा आपली सहानुभूती दोन्हीकडे ओढली जाते. त्या ओढाताणीमुळेच तो चित्रपट माझ्या मनात राहिला.

तू म्हणशील, रहस्यकथेत माणसं सोंगट्याच असतात, त्यांच्यावर एवढा जीव कशाला टाकायचा? बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आपण भाड्याच्या लायब्ररीतून आणून अधाशासारखे वाचले, तेव्हा मेलेल्याचं काय झालं हे आपण कधी विचारलं नाही. खरं आहे. पण त्या कथांमध्ये धावाधाव होती, वेषांतरं होती, आणि सगळ्यांच्या पलीकडे नायक होता. हिगाशिनो आपल्याकडे भावना मागतो. ज्या पुस्तकाला माझं रडणं हवं आहे, त्याला मी कुणासाठी रडावं हे विचारायचा मला हक्क आहे.

आणि रहस्यकथेला हे जमत नाही असंही नाही. सेइचो मात्सुमोतोची ‘टोकियो एक्स्प्रेस’ मी पाठोपाठ वाचली, आणि तू रेल्वेतला माणूस असून ही आजवर वाचली नाहीस याचं मला वाईट वाटतं. मात्सुमोतो १९०९ चा, अत्यंत गरिबीतला, शाळा लवकर सुटलेली. चाळिशीपर्यंत तो वर्तमानपत्राच्या जाहिराती आखत होता. ही कादंबरी १९५७ मध्ये प्रवासाला वाहिलेल्या एका मासिकात क्रमशः सुरू झाली. त्या मासिकाच्या वाचकांना गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असणार, आणि मात्सुमोतोने त्यांच्याच वेळापत्रकात खून लपवला.

टोकियो स्टेशनच्या तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरवर उभी असलेली गाडी सहसा दिसत नाही, मधल्या रुळांवर सतत दुसरी गाडी असते. संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ एवढी चारच मिनिटं नजर आरपार जाते. नेमक्या त्या वेळी आकासाका भागातल्या एका उपाहारगृहातल्या दोन मुली आपल्या ओतोकी नावाच्या मैत्रिणीला एका पुरुषाबरोबर लांबच्या गाडीत चढताना पाहतात. काही दिवसांनी क्यूशू बेटावर काशिईच्या समुद्रकिनाऱ्यावर ओतोकी आणि सायामा नावाचा एक सरकारी अधिकारी शेजारी शेजारी मरून पडलेले सापडतात. विष घेतलेलं. प्रेमी जोडप्याची आत्महत्या म्हणून सगळे मोकळे होतात. पुढे उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत गाड्या, बोटी आणि तारखांची जी जुळवाजुळव आहे ती तू पेन्सिल घेऊन वाचशील. कामाकुराला अंथरुणाला खिळलेली एक बाई आहे. ती वेळापत्रक वाचत पडते आणि या क्षणी देशात कुठे कुठे गाड्या एकमेकींजवळून जात असतील याची चित्रं मनात रंगवते. तिच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

पण मला बांधून ठेवलं ते तोरिगाई या म्हाताऱ्या, साध्यासुध्या पोलिसाने. सायामाच्या खिशात डायनिंग कारचं बिल सापडतं, एकाच माणसाचं. बाकीचे म्हणतात, बाईला भूक नसेल. तोरिगाईच्या मनातून ते जात नाही. मरायला निघालेलं जोडपं, आणि ती त्याच्यासमोर नुसती बसायलाही गेली नाही? तो घरी येऊन आपल्या मुलीला विचारतो, की तुझ्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर प्रवासात तुला भूक नसली आणि तो जेवायला निघाला, तर तू काय करशील? ती म्हणते, मी जाईन, निदान कॉफी घेईन. सगळा तपास त्या उत्तरापासून सुरू होतो. ओतोकीला त्याने प्रेमात पडलेली बाई म्हणून खरंच पाहिलं, आणि म्हणून हे नाटक आहे हे त्याला कळलं.

आता बघ, मारायचं होतं ते सायामाला. तो लाचखोरीच्या प्रकरणातला दुवा होता आणि वरच्यांना त्याचं तोंड बंद हवं होतं. ओतोकी लागली ती देखावा पुरा करायला. इंजिनिअर आणि ओतोकी या दोघांचं मरण एकाच जातीचं आहे. पण मात्सुमोतो ते विसरू देत नाही. खात्यातल्या कनिष्ठाने जीव द्यायचा आणि फाईल बंद व्हायची, ही तेव्हाच्या जपानची रीत होती, आणि तिच्याबद्दलची त्याची चीड शेवटच्या पानापर्यंत उतरत नाही. वरचा साहेब आधीपेक्षा चांगल्या जागेवर जातो. कोडं सुटतं, पण मन शांत होत नाही. मला ती अशांती हिगाशिनोच्या अश्रूंपेक्षा जास्त खरी वाटली.

सेइशी योकोमिझोची ‘द होनजिन मर्डर्स’ही वाचली. बर्फावर पाऊल उमटलेलं नाही, आतून बंद घर, अपरात्री कोतो या तंतुवाद्याचा कर्कश आवाज, आणि लग्नाच्याच रात्री नवरा-नवरी रक्ताच्या थारोळ्यात. युक्ती अचाट आहे, पण फार यांत्रिक. खुनामागचं कारण कळलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. घराण्याचा मोठेपणा आणि बाईच्या चारित्र्याच्या कल्पना माणसाला कुठे नेतात, हे १९४६ मध्ये त्या लेखकाला दिसत होतं. नवरीच्या बाजूने बोलायला तिचा काका आहे, म्हणून ती कादंबरी मला सहन झाली.

आणि आता हिगाशिनोचीच ‘न्यूकमर’. २००९ ची, म्हणजे सस्पेक्ट एक्सच्या चार वर्षांनंतरची. टोकियोच्या निहोनबाशी भागात एक मध्यमवयीन, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई एकटी राहायला येते आणि तिचा खून होतो. कागा हा पोलीस अधिकारी गल्लीतल्या एकेका दुकानात जातो. तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचं दुकान, चिनीमातीच्या भांड्यांचं, घड्याळजी, केकवाला. प्रत्येक प्रकरणात खुनाचं कोडं थोडंच सुटतं, पण त्या घरातलं एखादं छोटं खोटं, सासू-सुनेचं भांडण, बाप-लेकीचा अबोला उकलतो. आणि दुकानागणिक ती मेलेली बाई आपल्याला अधिक कळत जाते. तिने काय विकत घेतलं, कुणाशी काय बोलली, ती या भागात का आली.

केकच्या दुकानातलं प्रकरण मी तुला सांगणारच. तिथे काम करणारी एक गरोदर मुलगी आहे. ही बाई वरचेवर तिथे यायची आणि त्या मुलीकडे मायेने पाहायची. मुलीला कारण माहीत नाही. कागाला कळतं: आपल्या दुरावलेल्या मुलाची होणारी बायको हीच, असं त्या बाईने धरलं होतं. तिचं दुकान चुकलं होतं. आपल्या नातवंडाजवळ राहायला मिळावं म्हणून ती त्या भागात राहायला आली, आणि एका परक्या मुलीवर माया करून गेली. खुनाच्या तपासाला यातून काडीचाही पुरावा मिळत नाही. तरी हिगाशिनोने ते लिहिलं, आणि ज्या माणसाचा इंजिनिअर मला इतका सलतो, त्याच्याच हातून हे उतरलं याचा मला फार आनंद झाला.

‘टोकियो एक्स्प्रेस’ आणि ‘न्यूकमर’ दोन्ही आज कुरिअरने पाठवते आहे. आधी ‘न्यूकमर’ वाच, वेळापत्रकाचा मोह आवर. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लिही, आणि इशिगामीबद्दल माझं म्हणणं पटलं नाही तर भांडून लिही.

तुझी,
माई