गॅस गेला कुठे?

नागपुरात मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जे सुख देतो ते एसी देत नाही, असे मानणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या हॉलमध्ये कूलरच आहे. एसी आहे तो फक्त सासूबाईंच्या खोलीत, कारण कूलरची दमट हवा त्यांच्या दम्याला सोसत नाही. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला, डोक्यावर उघडा स्लॅब. दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला साधा स्प्लिट एसी, बरीच वर्षे बिनतक्रार चाललेला.

२०२४च्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तो रुसला. रुसण्याची पद्धत मात्र चमत्कारिक होती. सकाळी व्यवस्थित, दुपारी दोन वाजले की नुसता वारा. पडद्यावर २४ आकडा तसाच, आतला पंखा फिरतोय, पण येणारी हवा खोलीतल्या हवेइतकीच गरम. अर्ध्या तासाने थोडी गार यायची, पुन्हा बंद. आणि रात्री दहानंतर असा गार, की सासूबाई चादर मागायच्या.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. आलेल्या मुलाने जाळीसमोर तळहात धरला, मिनिटभर विचार केला आणि म्हणाला, "काकू, गॅस संपून गेली याची. साडेतीन हजार लागतील." प्रेशर गेज त्याच्या पिशवीतच राहिला. तो गच्चीवर, बाहेरच्या युनिटपर्यंतही गेला नाही.

मी बँकेत होते. कॅश कमी पडली तर "संपली" हे उत्तर आमच्याकडे कधी चाललेले नाही. ती कुठेतरी गेलेली असते आणि कुठे, ते शोधावे लागते. एसीतला गॅस तर पेट्रोलसारखा जळून जाणारा पदार्थच नव्हे. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आणि गळतीने गेलेला गॅस रात्री दहाला परत येईल कसा? त्या मुलाला मी एवढेच विचारले. तो म्हणाला, "काकू, गर्मीमुळे होते तसं." गर्मीमुळे होत होते हे खरेच होते, पण त्याला अभिप्रेत होते तसे नाही. त्याला चहा दिला आणि गॅस भरू दिला नाही.

मग वही काढली. जे घरी पाहता येते ते सगळे पाहिले. रिमोटवर मोड कूलच होता. आतल्या जाळ्या धुतलेल्या. स्टॅबिलायझरवर दुपारी व्होल्टेज थोडे पडत होते, पण एसी बंद पडावा इतके नाही. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आधी खोलीत आणि मग एसीच्या तोंडाशी धरला. एसी नीट चालू असेल तर आत ओढलेली हवा आणि बाहेर फेकलेली हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडायला हवा. सकाळी तो ११ होता. दुपारी अडीचला खोलीत ३३ आणि तोंडाशी ३१. (थर्मामीटर सावलीत आणि वाऱ्यात धरायचा, आणि एका आकड्यावर विसंबायचे नाही. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला हवामान खात्याच्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि गावभर धावपळ उडाली होती. नंतर खात्याने सेन्सरमधला दोष असल्याचे सांगितले.)

गच्चीवरही गेले. बाहेरच्या युनिटकडे दोन नळ्या जातात, एक जाड, एक बारीक. गॅस पुरेसा असेल तर मशीन चालू असताना जाड नळी चांगली गार लागते. दमट हवेत तिच्यावर घामही धरतो. गॅस कमी असेल तर पुष्कळदा बारीक नळीच्या सांध्याशी बर्फ जमतो आणि जाड नळी कोमट राहते. सकाळी माझी जाड नळी मस्त गार होती आणि बर्फाचे नाव नव्हते. दुपारी मात्र दोन्ही नळ्या गरम. कान दिल्यावर कळले की कॉम्प्रेसरची घरघरच नाही. पंखा तेवढा फिरतोय, तोही म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा. म्हणजे प्रश्न असा होता: कॉम्प्रेसर नेमका दुपारीच का थांबतो?

महाल भागात आमच्या कूलरच्या मोटारी बांधून देणारे एक भाऊ आहेत. वय साठीच्या पुढे. एसीचे काम ते सहसा घेत नाहीत. मी त्यांना सांगितले, "भाऊ, येणार असाल तर दुपारी तीनलाच या." मेकॅनिक उन्हाच्या भीतीने संध्याकाळी येतात, तेव्हा मशीन शहाण्यासारखे चालत असते आणि आपण खोटे पडतो. दुखणे ज्या वेळी असते त्या वेळीच ते दाखवले पाहिजे.

ते आले, डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर उभे राहिले, पंख्याकडे पाहिले आणि हसले. "काकू, पंखा धीमा फिरून राहिला. रातभर थंड करते म्हणता ना? मग गॅस काय दुपारी फिरायला जाते का?" मेन स्विच पाडला. पाते हाताने फिरवून पाहिले. मोकळे फिरत होते, म्हणजे बेअरिंग ठीक. मग झाकण काढून पंख्याचा कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला, कारण वीज बंद केल्यावरही त्यात झटका बसेल इतका भार उरलेला असू शकतो. हे काम आपण घरी करायचे नाही, हे इथेच सांगून टाकते. मीटर लावला. डब्यावर लिहिले होते ४ मायक्रोफॅरड, मीटर दाखवत होता २ च्या थोडे वर. नागपुरात दर उन्हाळ्यात शेकडो कूलर याच कारणाने मंदावतात, त्यामुळे त्यांची नजर तिथे पहिल्यांदा गेली यात नवल नाही.

गॅस खोलीतली उष्णता बाहेर आणतो आणि कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम करतो, तेव्हाच ती उष्णता हवेत जाते. बाहेर रात्रीचे ३२ असले की मंद पंख्यावरही भागते. दुपारी ४५ अंशांत, उन्हाने तापलेल्या गच्चीवर, तीच उष्णता जायला पुरेसा वारा लागतो. तो नसला की दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, आणि त्याच्या डोक्यावरची ओव्हरलोडची कळ त्याला वाचवण्यासाठी वीज तोडते. थंड झाला की पुन्हा सुरू. अर्ध्या तासाची ती ये-जा म्हणजे हेच. त्या अवस्थेत कोणी वरून गॅस भरला असता तर दाब आणखी वाढला असता, आणि साडेतीन हजार देऊन आपण कॉम्प्रेसर लवकर मारला असता.

दुसरी गोष्टही निघाली. बाहेरच्या युनिटची कॉइल मागच्या बाजूला असते आणि हवा तिकडून आत ओढली जाते. आमच्या युनिटची पाठ गच्चीच्या कठड्याकडे, मध्ये जेमतेम वीतभर जागा. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या डब्याच्या पाठीवर धूळ आणि सावरीच्या कापसाचा जाड थर बसला होता. दरवर्षी सर्व्हिसिंगच्या नावाखाली पैसे घेणाऱ्यांनी समोरची जाळी तेवढी पुसली होती. भाऊंनी मऊ ब्रश फिरवला, मग कमी दाबाच्या पाण्याने धुतले, कारण जोराच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात. युनिट कठड्यापासून पुढे ओढून घेतले. नवा कपॅसिटर दोनशे रुपयांच्या आतला, मजुरी चारशे. पंखा सुरू झाला आणि आमच्या अंगावर असा गरम झोत आला की भाऊ मागे सरकले. तो झोत पाहून मला फार बरे वाटले.

त्यानंतर दुपारी खोलीत २९ आणि एसीच्या तोंडाशी १७. तरी दुपारभर खोली २७च्या खाली उतरत नव्हती, आणि तो दोष नाही. भारतात एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून; ४५ला दीड टनाचे यंत्र दीड टनाचे राहत नाही. वर स्लॅब दिवसभर तापतो. माझ्या मुलाचा आग्रह रिमोट १६वर ठेवण्याचा. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू किंवा बंद एवढेच जाणतो. १६ लावल्याने तो अधिक वेगाने थंड करत नाही, फक्त थांबत नाही. आम्ही २६ लावतो आणि छतावरचा पंखा सुरू ठेवतो. गच्चीला चुना मारून घेतला, त्याने आणखी बरा फरक पडला.

कधी खरोखरच गळती असते, तेव्हा गॅस भरावाच लागतो. पण तेव्हाही आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासता येतात. सांधा दुरुस्त करून, व्हॅक्युम पंप लावून, बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरून घ्या. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ असतो. तो थोडा ज्वलनशील आहे आणि हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरतो, त्यामुळे गळकी नळी तशीच ठेवून दरवर्षी भरत राहणे कोणाच्याच हिताचे नाही. आणि मेकॅनिक गच्चीवर न चढताच गॅसचा भाव सांगू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.