यावर कोण येतं?

आम्ही चुलत-आते भावंडं एकत्र जमलो की गप्पा फिरून फिरून वेताळ टेकडीवर येतात. पुण्यातली ही सगळ्यांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर, आणि आमचं घर तिच्या पायथ्याशी. ताईला आठवतो तो वरचा उघडा माळ, कमरेएवढं कुसळी गवत आणि घरी आल्यावर परकरातून वेचून काढायची कुसळं. धाकट्याला आठवतात उतारावरच्या बोरी आणि हिवर. दोघांचंही खरं आहे. काळ्या कातळावर वीतभर मुरूम असला की माथ्यावर गवत माजतं आणि माती जिथे साठते त्या घळीत झाडं धरतात. हे आम्हाला कुणी फळ्यावर काढून दाखवलं नव्हतं. पायांनी कळलं होतं.

पहिली शिक्षिका आजी. गणपतीच्या आदल्या दिवशी ती आम्हाला पत्री आणायला धाडायची. एकवीस पत्रींपैकी देवदारासारखी काही पानं कुठून येणार, ते ती बघून घ्यायची. आमच्या वाट्याला आघाडा, माका, डोरली, बोर, धोत्रा, रुई आणि दूर्वा. तिचे नियम कडक होते. एका झाडाची एकच डहाळी तोडायची, मूळ उपटायचं नाही, संध्याकाळ झाली की हात लावायचा नाही. आघाडा ओळखायचा असेल तर तुऱ्यावरून बोट खालून वर फिरवायचं, टोचलं की तोच. माका ओढ्याच्या ओलीत सापडायचा, रुई कोरड्या मुरमात. रुईच्या पानावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली की आजी म्हणायची, ‘ते पान राहू दे रे, तिथे कुणीतरी जेवतंय.’ त्या अळीचं पुढे केशरी फुलपाखरू होतं आणि रुईचा विषारी चीक अंगात मुरल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, हे काकांनी नंतर सांगितलं. पण जेवणाऱ्याला उठवायचं नाही, हे आजीचंच.

काका माध्यमिक शाळेत शिकवायचे. रविवारी सकाळी गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी घेऊन आम्हाला वर न्यायचे. झाडाचं नाव सांगून ते कधी थांबले नाहीत. नाव झालं की लगेच विचारायचे, ‘यावर कोण येतं?’ फेब्रुवारीत पांगारा निष्पर्ण होऊन लाल फुलला की त्याच्या खाली आम्हाला वह्या देऊन बसवायचे. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, जो येईल तो लिहायचा, आणि तो फुलाशी काय करतो तेही. पळसाची शेंग हातात देऊन विचारायचे, बी टोकालाच का? मग ती उंच फेकायला लावायचे. चपटी शेंग गिरक्या घेत दूर पडली की उत्तर मिळायचं. आमच्यापैकी कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ झालं नाही. एक बँकेत होता, एक परिचारिका, दोघं कारखान्यात. पण आजही कुणी नवं झाड दाखवलं की आमच्या तोंडी आधी तोच प्रश्न येतो.

घरी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ होतं. महिन्यांप्रमाणे लिहिलेलं पुस्तक, त्यामुळे महिना लागला की त्याचं प्रकरण आत्या मोठ्यानं वाचायची आणि आम्ही दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन पडताळा घ्यायचो. शाळेत ‘परिसर अभ्यास’ होता. ते पुस्तक तयार करणारी बालभारती याच टेकडीच्या पायथ्याशी, याचा आम्हाला फार अभिमान. पुस्तकातला परिसर म्हणजे आपलाच, अशी आमची ठाम समजूत होती.

मग टेकडी बदलली. 1972च्या दुष्काळानंतर उघडे डोंगर हिरवे करायची घाई सगळ्यांनाच होती. 1982मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला. गावोगाव सुबाभूळ लागली आणि पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प. मूळची मध्य अमेरिकेतली, मुरमात तगणारी, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत अशी आणि भराभर वाढणारी. ज्यांनी ती निवडली त्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. चराई आणि सरपणतोड सोसून तेव्हा दुसरं काय उभं राहिलं असतं, हा प्रश्न रास्तच होता. ती फुलते तेव्हा गुलाबी दिसते, मधमाश्याही येतात. पण तिच्या दाटीखाली गवत टिकत नाही, आणि गवत गेलं की जमिनीवर घरटं करणारे चंडोल आणि तित्तर राहणार कुठे? काका शेवटची काही वर्षं वर गेले की गप्प असायचे.

आता आम्हीच आजी-आजोबांच्या वयाचे. पुण्यातल्या टेकड्यांवर गेली अनेक वर्षं सकाळी फिरायला येणारी माणसं स्वखुशीनं देशी झाडं लावताहेत. त्यांतल्या एका गटाबरोबर आम्ही जमेल तसे जातो, नातवंडांना घेऊन. मे महिन्यात खड्डे घ्यायचे, दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोपं लावायची, भोवती दगडांचं आळं करायचं. गिरिपुष्प सरसकट तोडत नाहीत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. तिच्या फांद्या छाटून पाला रोपाच्या बुंध्याशी पसरतात. त्या पाल्यात नत्र भरपूर असतं आणि ओलही धरून राहते. खरी परीक्षा पुढची. वणवा पोचू नये म्हणून हिवाळ्याअखेर भोवतीचं गवत खुरपायचं आणि निदान दोन-तीन उन्हाळे पाण्याच्या बाटल्या वर वाहायच्या. एका दिवसात शेकडो रोपं लावून फोटो काढणाऱ्यांपेक्षा मार्चमध्ये एक बाटली घेऊन चढणारी शाळकरी पोर मला मोठी वाटते.

मुलांना आम्ही बियांपासून सुरुवात करायला लावतो. बहाव्याची काळी शेंग फोडून चिकट गरातून बिया काढायच्या, गरम पाण्यात रात्रभर भिजवायच्या, नाहीतर ते टणक कवच लवकर उघडत नाही. मेडशिंगीच्या वाकड्या शेंगा, धावड्याच्या बारीक बिया, आपट्याच्या शेंगा. आपटा आणि कांचन यांतला फरकही याच वेळी शिकवतो, कारण दसऱ्याला सोनं म्हणून दोन्ही ओरबाडले जातात. मग तोच प्रश्न. बहाव्याच्या कोवळ्या पानावर हिरवी अळी सापडली आणि नात ओरडली, ‘आजी, रोप खातेय ती!’ तिला म्हटलं, त्यासाठीच तर लावलंय.

एका गोष्टीवरून मात्र आमच्यात अजून वाद होतो. धाकट्याला माथ्यावरच्या माळावरही झाडं हवीत, मोकळी जागा त्याला बघवत नाही. ताई आणि मी ऐकत नाही. तो माळ ओसाड नाही, तो गवताचा आहे. पावसाळ्यात तिथे रानफुलं येतात, चंडोल जमिनीवरून उठून गात वर चढतो. तिथे पिंपळ लावणं म्हणजे चंडोलाला घराबाहेर काढणं. लहान मुलांना हे चटकन पटतं. मोठ्यांना समजावताना दमछाक होते, कारण हिरवं म्हणजे झाड एवढंच डोक्यात बसलेलं असतं.

2023मध्ये बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध पुणेकर टेकडीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा आम्ही सगळी भावंडं पुन्हा एकत्र चाललो. गुडघे दुखत होते, पण कुणी मागे राहिलं नाही.

यंदाचं आमचं काम ठरलंय. मोई, पांगारा आणि साळई फांदीपासूनही वाढतात, म्हणून सगळ्यांत लहान पोरांच्या हाती त्याच फांद्या द्यायच्या. फांदी मनगटाएवढी जाड हवी, कोवळी खोचायची नाही. पावसाच्या तोंडावर लावायची आणि हलू नये म्हणून बुडाशी माती पायानं घट्ट दाबायची. पांगाऱ्याची जागा धाकट्यानं शोधून ठेवली आहे, घळीच्या तोंडाशी, जिथे खाली वह्या घेऊन बसता येईल एवढी सपाटी आहे.