धूर आणि रोजी

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि आमच्या मालेगावचे साचे गप्प झाले. जन्मापासून कानात बसलेला खडखडाट थांबल्यामुळे आम्हांला कित्येक रात्री झोप लागेना. हवा मात्र धुतल्यासारखी झाली. तिकडे पंजाबात जालंधरहून धौलाधारची शिखरे दिसू लागली. उत्तर भारतातल्या हवेतील कणांचे प्रमाण वीस वर्षांत सर्वांत कमी झाल्याचे नासाने सांगितले. त्याच एप्रिलात सीएमआयई या संस्थेने देशातील बेरोजगारीचा दर 23 टक्क्यांवर नोंदवला. लोक स्वच्छ आकाशाचे फोटो काढत होते आणि आमच्या शेजारून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने मजूर पायी गावाकडे निघाले होते.

उत्पादन घटले की धूर घटतो आणि कामही घटते, असे अर्थशास्त्र सांगते. खरे आहे, पण अर्धेच. वर्गात 'फिजाई आलूदगी' शिकवताना आमची पंचाईत होते ती इथेच. कारखान्यांचा धूर वाईट, असे आम्ही सांगतो आणि समोर बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरची चूल साच्यावर पेटते.

खरे तर कापड विणायला धूर लागतच नाही. साचा विजेवर चालतो. (ती वीज कुठल्या कोळशावर होते, हा वेगळा धडा!) आमच्या मोहल्ल्यावरचा धूर येतो सायझिंगमधून. ताण्याच्या सुताला खळ द्यायला वाफ लागते आणि ती करायला भट्टीत काय घालायचे, हे पैसा ठरवतो. लाकूड महाग म्हणून कुठे कुठे प्लास्टिकचा कचराही जातो. तेव्हा हा काळा धूर कामाचा नाही, वाचवलेल्या पैशांचा आहे. तो वाचतो मालकाचा आणि खर्च होतो मजुराच्या छातीतून. मजुरी कापडाच्या मीटरवर. खोकल्याने खाडा पडला की त्या दिवसाचे काही नाही. छाती कायमची बिघडली तर साचा सुटला. धूरही माणसाला बेरोजगार करतो, ते असे.

नोव्हेंबर 2021 मध्ये दिल्ली परिसरात हवेपायी बांधकामे बंद झाली, तेव्हा मजुरांना कामगार उपकरातून निर्वाहापुरते पैसे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले. तो उपकर बांधकाम मजुरांचा. साच्यावरच्या माणसाचा त्यात हक्क नाही. इथे सायझिंगला सील लागले की थोड्याच दिवसांत ताणा संपतो, आणि त्याचा मीटर तिथेच थांबतो.