तक्रार : नाही

‘उकिडवं बसून लादी पुसा, बाळंतपण सोपं जाईल.’ हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. १९९३ साली आरोग्यसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा ते ‘जमीन सारवा’ असं होतं. पुढे घरोघरी लाद्या बसल्या, तशी मी ‘लादी पुसा’ म्हणायला लागले. बाकी काही बदललं नाही. संगमेश्वरच्या आसपासच्या वाड्यांत मला नावाने कुणी ओळखत नव्हतं, ‘शिस्टर’ हेच माझं नाव. शिस्टर सांगते ते खरं, असा मान होता आणि तो मला आवडायचा. म्हणून हे लिहायला जरा जड जातंय.

संगमेश्वर म्हटलं की लोकांना शास्त्री-सोनवीचा संगम आठवतो, कसब्यातलं कर्णेश्वराचं देऊळ आठवतं, १६८९ साली संभाजी महाराज इथे पकडले गेले ते आठवतं. मला पाखाड्या आठवतात. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, एक टीचभर तर पुढची गुडघाभर, पावसात शेवाळलेल्या. वरच्या वाडीतल्या गरोदर बाईला तपासणीला यायचं म्हणजे ती पाखाडी उतरायची आणि परत चढायची. मी स्वतः दोन्ही बाळंतपणांत नवव्या महिन्यापर्यंत चढत-उतरत होते. मला कधी काही दुखलं नाही. माझ्या चुकीचं मूळ बहुतेक इथेच आहे. मी सगळ्या बायकांना माझ्या कंबरेच्या मापाने मोजत होते.

बायका सांगत नव्हत्या असं नाही. ‘खुबा धरलाय’, ‘मांडीची शीर ताणते’, ‘पायात चमक मारते’, ‘कंबर धरली’. आणि एक दुखणं असं, की त्या जागेचं नाव बाई घेत नाही. समोर, ओटीपोटाच्या अगदी खाली, जांघेच्या मधोमध. ‘तिथं दुखतं’ म्हणायची आणि हात कंबरेवर ठेवायची. मी कंबरच समजायचे. ‘होतं असं. बाळ झालं की जाईल,’ हे माझं ठरलेलं उत्तर. कार्डावर प्रत्येक तपासणीला ‘काही तक्रार’ असा रकाना असतो. त्यात मी लिहायचे : ‘नाही’.

तक्रार म्हणजे माझ्या लेखी रक्तस्राव, सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. त्याबद्दल मी आजही कानाला खडा लावणार नाही. बाई दगावते ती रक्तस्रावाने आणि वाढलेल्या रक्तदाबाने, जांघेतल्या कळेने नाही. हिमोग्लोबिन आठवर आलेली बाई समोर बसलेली असताना शेजारचीच्या खुब्याकडे कोण बघतो? पण ज्यातून मरण येत नाही ते दुखणंच नव्हे, असं मी कधी ठरवून टाकलं ते माझं मलाच कळलं नाही.

२०१७ चा पावसाळा. वरच्या वाडीतली एक सून, दुसरी खेप, सातवा महिना. पहिला मुलगा तीन वर्षांचा आणि कायम कडेवर, तोही एकाच बाजूला. नवरा मुंबईला. लसीकरणाच्या दिवशी ती पाखाडी उतरत होती ती खेकड्यासारखी, आडवी, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी खालून ओरडले, ‘पाय नीट टाक गो, नाटकं कसली!’ खाली बसलेल्या चार बायका हसल्या. ती काही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात ती आलीच नाही. यादीत नाव राहिलं म्हणून मी वर गेले. सासू पडवीत बसली होती. ‘आत हाय. उठत नाय,’ एवढंच म्हणाली. दार अर्धं उघडं होतं. ती जमिनीवर गोधडीवर कुशीला निजली होती आणि तिला कूस बदलायची होती. मी दारातच थांबले. तिने गुडघ्याजवळ गाऊनचं कापड मुठीत धरलं आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा आपलाच पाय हाताने उचलून पुढे ठेवला. मग श्वास धरून थांबली. मग कंबर, मग दुसरा पाय. मग ओणवी होऊन रांगत खिडकीपर्यंत गेली, गज धरले आणि उभी राहिली. नाडी मोजून मोजून माझी नजर आपोआप घड्याळाकडे जाते. चार मिनिटं लागली होती. वळल्यावर मी दिसले तशी म्हणाली, ‘रात्रीत पाच-सहा वेळा करते हे नाटक, शिस्टर.’

नऊ तारखेला मी तिला तपासणीला नेलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते, ही योजना २०१६ पासूनची. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. बाळ ठीक होतं. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली, म्हणजे रत्नागिरी. मीही रजा टाकून सोबत गेले. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही, ती फिजिओथेरपीवाली असं काय वेगळं सांगणार आहे ते बघायला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ही सीटचा दांडा धरून अर्धी उचलली जात होती.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिने हिला उताणी निजवलं आणि म्हणाली, ‘गुडघा न वाकवता उजवा पाय टाचेपासून वीतभर उचला.’ हिचा चेहरा आवळला गेला, पण पाय हलेना. मग त्या मुलीने हिच्या कंबरेखाली, खुब्यांच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून आतल्या बाजूला घट्ट दाबलं. ‘आता उचला.’ पाय उचलला गेला. पूर्ण वीतभर नव्हे, पण सहज. हीच बाई, हाच पाय. ही छताकडे बघत हसली आणि मग रडायला लागली. मी भिंतीवरचा सापळ्याचा तक्ता बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

नंतर त्या मुलीने मला तक्त्यावर दाखवलं. समोर, खाली, जिथे दोन हाडं जुळतात तो एक सांधा. मागे, कंबरेच्या दोन खळग्यांपाशी दोन. या तिन्हींवर सगळा भार. गरोदरपणात समोरच्या सांध्यातली फट दोन-तीन मिलिमीटर वाढते आणि बहुतेकींना ते कळतही नाही. काही जणींच्या मात्र तिन्ही सांध्यांची एकमेकांशी संगत बिघडते. मग एका पायावर भार आला की कळ : पायरी चढताना, सलवारीत पाय घालताना, रिक्षात चढताना, कूस बदलताना. हार्मोनमुळे सांधे सैल होतात, हे मला प्रशिक्षणापासून पाठ होतं. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगवरच्या प्रयोगांतून ते रिलॅक्सिन ओळखलं. पण रक्तात ते जास्त असलं म्हणजे दुखणं जास्त, असा हिशेब नंतरच्या अभ्यासांत काही जुळला नाही. कंबरेचं जुनं दुखणं, जुना मार, आधीच्या खेपेचा त्रास, कष्टाचं काम यांचा वाटा मोठा. आणि मी ‘हार्मोन हो’ म्हणून विषय संपवत होते.

सायटिकाचंही तेच. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणारी ती बोटाएवढी जाड नस. ती खरोखर दाबली गेली तर कळ गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात. आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, चाल गिधाडासारखी होते म्हणून. हिची सासू पहिल्या दिवसापासून ‘सायटिका, सायटिका’ म्हणत होती. पण गरोदर बायांत खरी सायटिका क्वचित असते. बहुतेकींची ती चमक मागच्या सांध्यातून उठून मांडीत उतरते. इलाजात थोडाच फरक पडतो, पण आपल्याला काय झालंय हे कळलं की बाईची भीती निम्मी होते. हे मी तिच्या तोंडावर पाहिलं.

निघताना मी फिजिओथेरपिस्टला हळूच विचारलं, ‘किती जणींना होतं हे?’ ‘पाचातल्या एकीला,’ ती म्हणाली. येताना गाडीत मी हिशेब केला. वर्षाला तीसेक नोंदण्या, चोवीस वर्षं. दीडशेच्या आसपास बायका झाल्या. दीडशे वेळा तरी ‘नाही’.

लादी पुसायला सांगणं त्याच दिवशी बंद केलं. ज्या बाईला दुखत नाही तिने पुसावी, माझी ना नाही. पण ज्या सांध्याला मांड्या फाकल्या की कळ येते त्याला उकिडवं बसवणं म्हणजे दुखऱ्या दातावर सुपारी फोडणं. उलट टोकही चूक. सुरुवातीच्या वर्षांत एकीला मी ‘महिनाभर पडूनच राहा’ सांगितलं होतं. तिचे पाय काठीसारखे झाले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं.

तिच्या घरात मग बारीकसारीक बदल झाले. माळ्यावरची खाट खाली आली. कूस बदलताना गुडघे जुळलेले, मधे उशी, आणि सगळं अंग एकदम फिरवायचं. विळी सुटली, खुर्चीवर बसून सुरीने भाजी. मुलगा कडेवरून उतरला, त्याने आठवडाभर भोकाड पसरलं. कळशी दिराकडे गेली. संडासात म्हाताऱ्यांसाठी मिळते ती भोकाची खुर्ची. पायरी चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि पाखाडी दिवसातून एकदाच. पट्टा मागवेपर्यंत जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून खुब्यांवरून, पोटाच्या खालून आवळून बांधली. कंबरेला नव्हे, त्याच्या खाली, इथेच सगळ्या चुकतात. लावणीला वाकणाऱ्या जुन्या बायका लुगडं असंच खाली आवळून घेत. त्यांना हे ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही, पण मला त्यांची आठवण झाली.

सासूशी दोनदा वाजलं. ‘आमी काय पोरं काडली नाय?’ हा पहिला प्रश्न. चोवीस वर्षं मी याच प्रश्नाच्या बाजूने होते, त्यामुळे उत्तर सुचेना. दुसरा वाद राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडाचा. तिला सुनेला तिथे आंघोळीला न्यायचं होतं, ‘शीर मोकळी होते’ म्हणून. एरवी मीही कितीकांना राजवाडीला, तुरळला जा म्हटलंय. पण गरोदर बाईने कढत पाण्यात बसून राहू नये. अंगातली उष्णता वाढते, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर बाळाला ते फार वाईट. कोमट फडक्याने पाठ शेकायला हरकत नाही. तडजोड त्यावर झाली.

गोळीचं मात्र ठासून सांगते. दुकानात ‘कंबरदुखीची द्या’ म्हटलं की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन हातात येतं. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, गर्भजल कमी होतं. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, किंवा कळा थांबून थांबून यायला लागल्या, रक्त दिसलं, ताप आला, तर खाट-उशी विसरा आणि १०८ ला फोन लावा.

तिचं दुखणं गेलं नाही. चार मिनिटांचं एक मिनिट झालं. बाळंतपणाआधी गुडघे कुठवर उघडतात ते मोजून मी चिठ्ठीत लिहून दिलं, म्हणून दवाखान्यातल्या नर्सने तिला कुशीवर घेतलं. नॉर्मल झालं, मुलगी. सव्वा महिन्यात ती काठीशिवाय चालत होती, पण पुढच्या वर्षीच्या लावणीला पुन्हा चमक आली. ‘बाळ झालं की जाईल’ हे माझं वाक्य बहुतेकींच्या बाबतीत खरं ठरतं, सगळ्यांच्या नाही.

तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येकीला एक प्रश्न जास्त विचारला : ‘रात्री कूस बदलताना दुखतं का, आणि कुठे? हात ठेवून दाखव.’ नाव घ्यायला लागत नाही म्हटल्यावर बायका हात बरोबर ठेवतात.

त्याआधीच्या दीडशेंपैकी कुणी हे वाचत असतील तर सांगते. तुमच्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलंय, ते अक्षर माझं आहे. तुम्ही तसं सांगितलं नव्हतं.